बिल्ला नंबर एकवीस

कागदाच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्याला कोणी नावाने हाक मारली नाही. सगळे त्याला सूतभर म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. रूळ बसवताना, पंप जागेवर ठेवताना, साधी कपाटाची फळी लावतानासुद्धा तो म्हणायचा, "सूतभर इकडे घ्या." साहेब लोक घड्याळ बघत उभे राहायचे आणि हा गुडघ्यावर बसून फटीत पातळ पट्टी सरकवून बघायचा. पण त्याने बसवलेला रूळ पाच-पाच वर्षं कुरकुरत नसे. त्यामुळे त्याला नावं ठेवणारेही अडलं की त्यालाच बोलवायचे.

बायको त्याच कारखान्यात, पॅकिंग खात्यात. कागद मोजायची. उजव्या हाताने गठ्ठ्याचा पंखा करायचा, बोटांनी चार-चार ताव मागे टाकत जायचं आणि पाचशेला थांबायचं. तिचा गठ्ठा कोणी परत मोजत नसे. हात चालायचा तसंच तोंडही चालायचं. खात्यात चाळीस बायका होत्या, पण मॅनेजरसमोर बोलायला जायचं तर हीच पुढे. सूतभर दिवसभरात जेवढं बोलतो तेवढं ती जिना उतरताना बोलते, असं लोक म्हणायचे. घरात भांडण झालं तर ते ती एकटीच करायची. तो हजर असायचा एवढंच.

दोघं निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिच्या मेंदूत रक्त गोठलं. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि वाचा गेली. समजायचं सगळं. डोळ्यांत बोलणं आलेलं दिसायचं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "बघू." तहान लागली तरी बघू, राग आला तरी बघू. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द मागे राहतो. घर रिकामं केल्यावर खिळ्याला एखादी पिशवी राहून जाते तसा.

आठवड्यातून दोनदा एक बाई तिला बोलणं शिकवायला येत. त्यांनी टॅबचा मार्ग दाखवला. टॅबवर चित्रांची घरं असतात, घर दाबलं की टॅब तो शब्द बोलतो. लेकीने वापरून टाकलेला एक जुना टॅब घरात होता, एका कोपऱ्याला टवका गेलेला. त्यावर बाईंनी तो प्रोग्राम घालून दिला. त्यात आधीपासूनच एका बाईचा आवाज होता, पण तो असा बोलायचा की जणू फलाटावर घोषणा चालली आहे. बायकोने दोन दिवस ऐकला आणि टॅब उलटा करून ठेवला.

मग सूतभरने काम हातात घेतलं. बाजारातली चित्रं नकोत म्हणून घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले. तिचा कप, तिची खुर्ची, तिची चष्म्याची डबी. प्रत्येक शब्द स्वतःच्या आवाजात भरला. एका पानावर बारा घरं, अशी अकरा पानं. एकशे बत्तीस शब्दांना अडीच महिने लागले. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की, आजारापूर्वी त्या जे जास्त बोलायच्या ते आधी घाला. त्याने प्रामाणिकपणे आठवलं आणि तिसऱ्या पानावर, दुसऱ्या ओळीच्या शेवटी, "तुम्हाला काय कळतंय" हे घातलं. तेही स्वतःच म्हणून.

तेव्हापासून त्या घरात भरदार पुरुषी आवाजात "मी दमले" ऐकू यायचं. स्वयंपाकघरात असताना त्याला त्याच्याच आवाजात "अहो" अशी हाक यायची आणि तो ओ द्यायचा. तिचा डावा हात हळूहळू घरं शिकला. पूर्वी कागदावर चालायची तशी बोटं आता काचेवर चालायला लागली. "तुम्हाला काय कळतंय" हे घर तिला बघावंही लागत नसे.

अडीच वर्षं असं नीट चाललं. मग टॅबवर सूचना यायला लागल्या. टॅबची अंतर्गत प्रणाली जुनी झाली आहे, अपडेट करा. त्याने सहा महिने ती सूचना बाजूला सारली. कारखान्यातला धडा होता, चालत्या मशिनला उगाच हात लावू नये. पण टॅब मंदावत गेला. घर दाबल्यावर शब्द यायला आधी एक क्षण, मग तीन क्षण, मग त्याहूनही जास्त. पाणी उशिरा मागितलं तर चालतं. टोमणा उशिरा पडला की त्याची तक्रार होते. सूतभर दुसऱ्या खोलीत निघून गेल्यावर मागून त्याच्याच आवाजात "तुम्हाला काय कळतंय" यायचं आणि बायको कपाळाला हात लावायची.

शेवटी प्रोग्रामनेच निर्वाणीचं सांगितलं. महिनाअखेरनंतर जुन्या प्रणालीवर तो उघडणार नव्हता. म्हणजे तिचं तोंड दुसऱ्यांदा बंद. आता अपडेट करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

सूतभर कामाला लागला तो त्याच्या पद्धतीने. कुठलंही मशिन उघडण्याआधी तो प्रत्येक भागावर खडूने खूण करायचा आणि वहीत कोणता भाग कुठे आहे ते काढून ठेवायचा. इथेही तेच. पट्टी घेऊन अकरा पानं आखली, प्रत्येकी बारा घरं, प्रत्येक घरात शब्द आणि चित्र कशाचं ते. दोन दुपारी त्यात गेल्या. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की, सगळ्याची एक प्रत बाहेर साठवून ठेवता येते, मी दाखवते. तो म्हणाला, वहीत आहे की. तीच तर प्रत.

मेव्हणीने फोनवर ऐकलं तेव्हा ती हसली. "भाऊजी, तो टॅब आहे, गिरणी नाही," म्हणाली. त्यावर याने, सगळी मशिनं सारखीच, एवढंच सांगितलं.

रविवारी सकाळी दहाला त्याने टॅब तिच्या मांडीवरून उचलला. बायको खिडकीजवळच्या खुर्चीत होती. बॅटरी ऐंशी टक्के दाखवत होती. पडद्यावर लिहून आलं, काम पूर्ण होईपर्यंत चार्जर लावून ठेवा. त्याने ते वाचलं. मग तो उठला, प्लगाचं बटण बंद केलं, चार्जर ओढून काढला आणि बटणावर आपला लाल बिल्ला अडकवला.

त्या बिल्ल्याची गोष्ट अशी. कारखान्यात प्रत्येक फिटरला एक लाल पत्र्याचा बिल्ला असे, त्यावर ज्याचा त्याचा नंबर. याचा एकवीस. मशिनमध्ये हात घालायच्या आधी वीज तोडायची आणि बटणावर बिल्ला लावायचा. बिल्ला दिसला की मॅनेजरनेही त्या बटणाला हात लावायचा नाही. ज्याने लावला त्यानेच काढायचा. हा नियम होण्यापूर्वी याच्या शेजारी काम करणाऱ्याची तीन बोटं रुळात गेली होती, कोणीतरी न बघता बटण दाबलं म्हणून. ती सूतभरने डोळ्यांनी पाहिली होती. निवृत्त होताना त्याने एवढी एकच वस्तू मागून घेतली. घरात दिवा बदलायचा असला तरी तो आधी बिल्ला लावायचा, आणि बायको शेजारणींना बोलावून ते दाखवायची.

तेव्हा चालू विजेवर मशिनला हात घालायचा नाही हे त्याच्या अंगातच होतं. चार्जर लावून ठेवा म्हणणारी सूचना ज्याने लिहिली त्याने जन्मात मशिन उघडलं नसणार, असं त्याला वाटलं.

बायकोने ते पाहिलं. "बघू," ती म्हणाली.

"होईल तासाभरात," तो म्हणाला आणि टॅबवरचं अपडेटचं बटण दाबलं.

"बघू, बघू." तिचा आवाज चढला. डावा हात लांब करून ती भिंतीकडे दाखवत होती. तिला काय म्हणायचंय हे सांगायला तिच्याकडे काही नव्हतं. जे होतं ते याच्या हातात होतं.

"थांब जरा. मला कळतं," तो म्हणाला.

पडद्यावर एक पट्टी पुढे सरकत होती. दहा, अठरा, सव्वीस. एकतीसवर काच काळी झाली. त्याला वाटलं, काहीतरी पायरी असेल. पाच मिनिटं वाट पाहिली. मग टॅबचं बटण दाबलं, धरून ठेवलं, पुन्हा दाबलं. बिल्ला काढून चार्जर लावला. थोड्या वेळाने कंपनीचं चिन्ह उमटलं, विझलं, पुन्हा उमटलं, विझलं. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. बायकोने खिडकीबाहेर तोंड फिरवलं होतं.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी तो दाराशी उभा होता. दुरुस्तीवाला पन्नाशीचा, कपाळावर भिंग चढवलेला. टेबलावर एकही स्क्रू मोकळा पडलेला नव्हता, प्रत्येक वाटीत वेगळे. सूतभरला माणूस पटला. सगळं सांगून झाल्यावर दुरुस्तीवाल्याने विचारलं, "यात काय होतं?"

"बायको बोलते त्याच्यावर."

दुरुस्तीवाल्याने भिंग डोळ्यांवर ओढलं. मग बॅटरी किती होती ते विचारलं. ऐंशी टक्के, हे ऐकून त्याने मान हलवली. जुन्या बॅटरीचा आकडा खरा धरायचा नसतो, तो ऐंशीवरून एकदम शून्यावर येतो, म्हणाला. सूतभरने डोळे मिटले. जुना काटा खोटं बोलतो हे त्याने आयुष्यभर नव्या पोरांना शिकवलं होतं. दाबाचा काटा जुना असेल तर आधी काटा तपास, मग दाब. आणि इथे ऐंशी दिसलं ते त्याने वेदवाक्य धरलं.

"चार्जर लावून ठेवा, असं लिहून आलं असेल ना?"

"आलं होतं."

"मग?"

"मीच काढला. चालू विजेवर मशिनला हात घालू नये."

दुरुस्तीवाला हसला नाही. कुठल्या कारखान्यात होतात ते विचारलं आणि मग म्हणाला, "तुमचं बरोबर आहे हो. तिथे वीज चालू राहिली तर माणूस जातो. इथे वीज गेली तर मशिन जातं."

तेव्हा सूतभरच्या डोळ्यांपुढे ती भिंतीकडे लांब केलेली डावी तर्जनी आली. त्याच भिंतीवर प्लग होता. ती प्लग दाखवत होती. तीन वर्षांत तिचं प्रत्येक "बघू" आपण ओळखतो असं त्याला वाटत आलं होतं.

दुरुस्तीवाल्याने स्वच्छ सांगितलं. टॅब चालू होईल, नवी प्रणाली घालतो, बॅटरीही बदलतो, चार दिवस लागतील. आतलं मात्र वाचेल असं वाटत नाही. प्रयत्न करतो. प्रत साठवली आहे का? सूतभर म्हणाला, वहीत आहे. त्यावर दुरुस्तीवाल्याने भिंग पुन्हा कपाळावर चढवलं.

घरी येऊन तो तिच्यासमोर स्टूल घेऊन बसला. "तू प्लग दाखवत होतीस," म्हणाला. ती त्याच्याकडे बघत राहिली. पुढचे दोन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. ते त्याने चौतीस वर्षांत साहेबालाही ऐकवले नव्हते आणि संसारात बायकोलाही. कामात तशी वेळ येऊ द्यायची नाही, ही त्याची रीत. तो उठला आणि चहा ठेवला.

ते चार दिवस वाईट गेले. ती काही मागेनाच. त्याने पाणी पुढे केलं तर प्यायची, जेवण वाढलं तर जेवायची. बघूसुद्धा म्हणत नव्हती. त्याच्या आवाजातली का होईना, घरात तिची बडबड होती हे त्याला ती थांबल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी मेव्हणी आली, पिशवी घेऊनच. दार उघडताच सुरू झाली. जिन्यावर किती अंधार, ताई किती वाळलीय, भाऊजी तुम्ही काय खाता की नुसतं मोजमापच घेता. सूतभर तेव्हा मोरीत पातेलं घासत होता. भिंतीपलीकडून तो आवाज आला आणि त्याचा हात थांबला. दोघी बहिणींचा गळा एकच. पूर्वी फोनवर कोण बोलतंय ते त्यालाही कळत नसे. तीन वर्षांत मेव्हणी कितीदा आली असेल, पण तेव्हा घरात टॅब बोलत असायचा. आज घर गप्प होतं आणि त्यात तो आवाज. पातेलं पुन्हा घासून काढलं, स्वच्छ होतं तरी.

शुक्रवारी टॅब आला. चालत होता, चपळ झाला होता, आणि आत काही नव्हतं. प्रोग्रामची नवी आवृत्ती उघडली तर बारा रिकामी घरं. पान उलटलं तर आणखी बारा. एकही फोटो नाही, एकही आवाज नाही. दुरुस्तीवाल्याने दोन रात्री घालवल्या असं सांगितलं, आणि त्याच्या डोळ्यांवरून ते खरं वाटत होतं.

सूतभरने वही उघडली. वाईटात एवढंच बरं होतं. कुठलं घर कुठे हे शाबूत होतं, आणि तिच्या बोटांना जागा पाठ होत्या. अडीच महिने लागले होते ते काम पंधरा दिवसांत उरकेल, असा त्याने हिशेब बांधला. पान पहिलं, घर पहिलं, पाणी. त्याने पेल्याचा फोटो काढायला टॅब उचलला.

बायकोने डावा तळवा वहीवर ठेवला.

मग त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि पाणी या शब्दावर काट मारली. वाकडी, पण दाबून.

"अगं, पाणी लागत नाही तुला?"

तिने हनुवटीने समोरच्या तांब्याकडे दाखवलं. पुढे चहा. काट. नजर स्वयंपाकघराकडे. पंखा. काट. बोट वर. मेव्हणी पोट धरून हसायला लागली. "भाऊजी, बोट आहे हो तिला. समोर दिसतं त्याला शब्द कशाला?"

तासाभरात एक्कावन्न घरं गेली. चादर, उशी, गोळी, उठवा, बसवा, झोपते, पुरे. दुखतंय तेवढं ठेवलं. "तुम्हाला काय कळतंय" याच्याभोवती तिने गोल काढला, की याला धक्का लावायचा नाही. सूतभरला आधी राग आला. एकेका घरामागे त्याची मेहनत होती. कपाचा फोटो त्याने चार वेळा काढला होता, कान नीट दिसावा म्हणून. पण काटलेले शब्द एकाखाली एक वाचताना त्याला मशिनशेजारचा फलक आठवला. चालू, बंद, तेल, पाणी. तिला सांभाळताना त्याला जे ऐकायला लागत होतं ते त्याने भरलं होतं. तिला काय बोलायचंय हे विचारलंच नव्हतं. कसं विचारणार, असं तेव्हा वाटलं होतं. आता ती सांगत होती, आणि टॅबवर तर तिचा एकही शब्द नव्हता.

त्याने पेन्सिलीला टोक काढून तिच्या हातात परत दिली.

पुढचे आठ दिवस घराचा बाजार झाला. ती डाव्या हाताने कपाट उघडायची, फोटोंचे डबे ओढायची, जुनी कॅलेंडरं काढायची. पॅकिंग खात्याच्या निरोपाच्या फोटोतला एकेक चेहरा दाखवायची. चाळीसपैकी एकोणीस बायकांना स्वतःचं घर मिळालं. मग हातवारे करायची आणि मेव्हणी ओळखायची. पुढे काय झालं. मला नाही पटत. खरं सांगा. आठवतं का. हे कोणाला सांगू नका. सूतभर घरं आखायचा आणि ऐकायचा. यातला एकही शब्द त्याला सुचला नसता. या खोलीत जे नाही त्याच्याबद्दलच तिला बोलायचं होतं.

एका शब्दाने मात्र सगळ्यांची दमछाक केली. तिने खुंटीवरचा लाल बिल्ला मागितला. मांडीवर ठेवला. बोट बिल्ल्यावर, मग नवऱ्याकडे, मग स्वतःच्या ओठांवर.

"वीज," तो म्हणाला. नाही. "धोका." नाही. "कारखाना." तिने मान झटकली. मेव्हणी म्हणाली, भाऊजींनी चूक केली ते का? त्यावर हातानेच, ते राहू दे बाजूला, अशी खूण. चहा झाला, दिवे लागायची वेळ झाली. ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची. बिल्ला, तो, ओठ. शेवटी तिने त्याचा हात धरून टॅबवर ठेवला, तो उचलून घेतो तसा. आणि झटकन बिल्ला त्याच्या हातावर ठेवून वरून दाबून धरला.

 यावेळी मेव्हणीच्या आधी सूतभरला कळलं.

"मी लावला की कोणी हात लावायचा नाही," तो सावकाश म्हणाला. "तसं तुझं बोलणं चालू असताना."

तिने डोळे मिटून मान खाली केली. हो.

किती वेळा झालं असेल ते, याचा तो विचार करत बसला. ती दुसरं घर शोधत असायची आणि हा पहिल्यावरच उठून जायचा. पाणी दाबलं की पाणी आणायला. पाण्याबद्दल तिला आणखी काही म्हणायचं असेल हे त्याच्या मनातही येत नसे. टॅब पुसायचा, चार्ज करायचा, म्हणून मध्येच हातातून घ्यायचा. त्या रविवारीही घेतलाच होता.

त्याने बिल्ल्याचा फोटो काढला. नंबर स्पष्ट यावा म्हणून तीनदा. पहिल्या पानावर, पहिल्या घरात, जिथे पाणी होतं तिथे तो बसवला. त्यात शब्द घातले, "थांबा, माझं अजून झालेलं नाही."

ते बोलायचे कोणी, हे तिने आधीच ठरवलं होतं. सूतभर घसा साफ करून पुढे सरकला तेव्हा तिने बहिणीकडे बोट केलं. सगळंच बहिणीच्या आवाजात हवं होतं. त्याला थोडं लागलं. तीन वर्षं तिचं बोलणं त्याच्या तोंडून गेलं होतं. तरी तो उठला. खिडक्या बंद केल्या, मेव्हणीला खुर्चीवर बसवलं आणि टॅब तोंडापासून किती लांब धरायचा ते वीतभर मोजून दाखवलं. "सूतभर मागे," म्हणाला. मेव्हणीने डोळे फिरवले, पण मागे सरकली.

एक घर तिने त्याच्यासाठी राखलं. शेवटच्या पानावर, शेवटचं. त्यासाठी तिला फार हातवारे करावे लागले नाहीत. त्या रविवारचं सगळं तिने करून दाखवलं. प्लग ओढला, काच काळी झाली, आणि मग त्याच्या छातीवर बोट ठेवून वाट बघत राहिली. मेव्हणीला स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवलं.

सूतभरने टॅब वीतभर लांब धरला. बटण दाबलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

तिने लावून ऐकलं. मान हलवली, नीट आलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा ऐकलं आणि अंगठा आणि बोट यांत अगदी बारीक फट दाखवली. सूतभर कमी. तिसऱ्या वेळी त्याने टॅबकडे न बघता तिच्याकडे बघून म्हटलं. ते तिने ठेवलं.

नंतर ते घर तिने फुकट जाऊ दिलं नाही. जेवण खारट झालं, दार आपटलं, चष्मा सापडेना, की पलीकडून त्याच्या भरदार आवाजात कबुली यायची. त्याने गुन्हा केलेला असो वा नसो.

चार महिन्यांनी टॅबवर पुन्हा सूचना आली. नवं अपडेट. यावेळी त्याने शिकवणाऱ्या बाईंकडून शिकून सगळ्याची प्रत दोन ठिकाणी साठवली. वहीही पूर्ण केली, सवय ती सवय. चार्जर लावला, ओढून बघितला, घट्ट होता. मग टॅब घ्यायला हात पुढे केला.

तिने पहिलं घर दाबलं. "थांबा, माझं अजून झालेलं नाही."

तो स्टूल ओढून बसला. हात गुडघ्यांवर ठेवले. तिला वेळ लागायचा. एक घर, मग पान, मग दुसरं घर. लेकीला फोन करायचा आहे. पॅकिंगमधल्या एकीचं गुडघ्याचं दुखणं, आणि ती किती वाढवून सांगते. हे कोणाला सांगू नका. त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलंय. तुम्हाला काय कळतंय. तो मध्ये उठला नाही, बटणाकडेही पाहिलं नाही. वीस मिनिटं गेली असतील. तासभर तोंड मिटायचं म्हणून तासाभराचं सगळं ती आधी बोलून घेत होती. सगळ्यात शेवटी तिने शेवटचं पान काढलं आणि शेवटचं घर दाबलं. "माझं चुकलं," त्याचाच आवाज म्हणाला.

"आता हे कशाबद्दल?" त्याने विचारलं. "अजून मी काही केलेलं नाही."

"बघू," ती तोंडाने म्हणाली.

मग टॅब उचलून तिने स्वतः त्याच्या हातात दिला. त्याने एकदा प्लगाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. तिने मान डोलावल्यावर अपडेटचं बटण दाबलं.